अकरा गावांचा भाचा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीपर्यंत कळलं नाही आणि पुढं शाळाच सुटली. शिवाय एवढ्या वर्षांत हाताला गिरणीच्या थरथरीची सवय झालेली, त्यामुळं ओळ सरळ जात नाही. ही वही चुकून कुणाच्या हाती लागली तर त्यानं माफ करावं. पोरीच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते. एक गोष्ट मी केली होती आणि ती तोंडानं सांगायची हिंमत मला झाली नाही. मी कमी बोलणारी बाई. सासूबाई म्हणतात, सुनेपेक्षा गिरणी जास्त बोलती.

ज्यांच्या बाबतीत ती गोष्ट केली ते गृहस्थ कबड्डी खेळायचे. गंमत म्हणून नाही, पोटासाठी. इथून हट्टा गावापर्यंत ज्या गावात सामने भरतील तिथलं कुठलं तरी गाव त्यांना विसार, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन आपल्याकडून खेळायला न्यायचं. पण सामने भरवणाऱ्यांचा नियम असतो की खेळाडू त्याच गावचा पाहिजे, नाहीतर त्या गावचा भाचा तरी पाहिजे. म्हणून जे गाव पैसे देईल त्या गावाचे ते भाचे व्हायचे. असे ते अकरा गावांचे भाचे होते. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण आमच्याकडं त्यांना सगळे भाचेच म्हणायचे, म्हणून मीही तसंच लिहिते.

आमच्या गावानं त्यांना नेलं तेव्हा मावशी म्हणून माझ्या सासूबाईंना उभं केलं. आमची पिठाची गिरणी विहाराच्या मागच्या मैदानाला लागून आहे, म्हणून सगळ्यात जवळची मावशी आमचीच सापडली. भाचे गिरणीत आले, वाकून पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, तुमी माझ्या आईच्या सख्ख्या बहीण."

सासूबाई म्हणाल्या, "तुझी माय कोन रे?"

"ते तुमाला माहीत पायजे. बहीण तुमची हाय."

"नाव तरी सांग तिचं."

"पंचांनी इचारलं तर म्हणा, नाव काढू नका, लई आठवण येती. अन् पदर लावा डोळ्याला."

सासूबाईंनी पंचांपुढं पदर असा काही लावला की पंचानंच त्यांना पाणी दिलं. त्या दिवसापासून त्यांना ती बहीण खरीच वाटू लागली. संक्रांतीला तीळ वाटताना म्हणायच्या, "माझ्या बहिणीच्या लेकराला ठेवा दोन."

भाचेही नातं पाळायचे. सामना संपला की नातं संपलं असं त्यांचं नव्हतं. अकरा गावांत कुणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, हे आहेर घेऊन हजर. मंडपात शिरले की दहा बायका उठून म्हणायच्या, आला माझा भाचा. नवऱ्याकडच्यांना वाटायचं हा नवरीकडचा, नवरीकडच्यांना वाटायचं हा नवऱ्याकडचा. मिळकत सगळी आहेरात जायची. स्वतःचं लग्न मात्र केलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "काहून रे लग्न करीत न्हाई?" की ते छातीत दम भरायचे आणि हळूच "कबड्डी-कबड्डी-कबड्डी" सुरू करायचे. तसंच म्हणत मागं सरकत सरकत दाराशी जायचे, उंबऱ्याला पायाचा अंगठा लावायचे आणि बाहेर. मैदानात मध्यरेषेला पाय लागला की चढाई करणारा वाचतो, तसे ते घराघरातून वाचायचे. वर्गणी मागायला आलेल्या पोरांपुढं तेच, मत मागायला आलेल्या पुढाऱ्यापुढं तेच. मी एकदा त्यांना पुढाऱ्यापुढून उंबऱ्यापर्यंत एका दमात जाताना पाहिलं. पुढारी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

ते म्हणायचे, "कबड्डी म्हंजे दुसऱ्याच्या घरात जायचं, त्याचं काहीतरी घ्यायचं, अन् श्वास न सोडता आपल्या घरी यायचं. बस, एवढंच हाय."

त्यांची खरी करामत मात्र चढाईत नव्हती, पकडीत होती. ते कोपऱ्यात उभे राहायचे आणि आलेल्या गड्याचा घोटा धरायचे. एकदा घोटा हातात आला की तो गडी लोळायचाच. पंधरा वर्षं लोकांच्या पायांकडं बघून बघून त्यांना माणसं तोंडावरून ओळखू यायची नाहीत, पायावरून यायची. औंढ्याच्या बाजारात एकदा सासूबाई गर्दीत हरवल्या. आम्ही सगळे तोंडं शोधत फिरलो. भाचे एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले आणि अर्ध्या तासानं त्यांनी एक घोटा धरला. सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की लोक भाच्यांना मारायला धावले. "मावशी हाय माझी! मावशी हाय!" असं ते ओरडत होते, पण घोटा सोडत नव्हते. सवयच तशी.

मी लाजाळू, कायम खाली बघणारी. तेही खाली बघणारे. त्यामुळं मला त्यांच्यासमोर उभं राहायला कधी संकोच वाटला नाही. एरवी परक्या माणसासमोर माझी बोबडी वळते.

ते आपल्या मोटारसायकलवरून आमच्या गिरणीत यायचे ते वजन करायला. हे सामने बहुतेक पासष्ट किलोचे असतात. पासष्टच्या वर काटा गेला की मैदानात पाय ठेवू देत नाहीत. भाच्यांचं हाड मोठं, त्यांचं शरीर सत्तर किलोचं. पण ते वर्षातले सहा महिने पासष्टमध्ये मावून राहायचे. आमचा धान्याचा मोठा काटा आहे, खाली फळी आणि वर दांडी. ते सकाळी शर्ट काढून फळीवर उभे राहायचे. मी मान वळवून फक्त दांडी बघायची आणि आकडा बोलायला लाज वाटे म्हणून मागच्या भिंतीवर खडूनं लिहायची. पासष्ट आठशे. पासष्ट चारशे. सहासष्ट. ते आकडा बघायचे आणि निघून जायचे. भर उन्हात दोन स्वेटर घालून पळायचे. पाणी प्यायचे नाहीत, चूळ भरून थुंकायचे. सामन्याच्या आधी डोकं आणि मिशी उतरवायचे. एकदा कमरेचा करदोडासुद्धा काढून मावशीच्या हातात दिला. सासूबाई म्हणाल्या, "आता कातडं काढून ठेव खुंटीला."

त्यांचे पुढचे दोन दात एका सामन्यात कुणाच्या तरी टाचेनं गेले होते. तिथं बसवलेली कवळी होती. एके दिवशी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणून त्यांनी ती कवळीही काढली आणि जागा दिसेल तिथं ठेवली. जागा होती गिरणीच्या टोपल्याच्या कडेवर, जिथून दाणे खाली जात्यात पडतात. गिरणी थरथरली आणि कवळी गुरुजींच्या घरच्या गव्हात. मी पट्टा पाडला, गिरणी थांबवली आणि कोपरापर्यंत हात घालून गहू चाळू लागले. समोर गुरुजींच्या बायको, शेजारी उघडे भाचे, तोंड मिटून. कवळी सापडली. त्यांनी ती फुंकली, मांडीला पुसली आणि तोंडात बसवून गुरुजींच्या बायकोला म्हणाले, "गहू चांगला हाय, बाई. शरबती दिसतो." ती बाई गहू उचलून दुसऱ्या गिरणीत गेली आणि तीन महिने आमच्याकडं फिरकली नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी वही घेतली.

भाच्यांचं वय पस्तिशीच्या पुढं गेलं होतं. गुडघा धरत होता. वजन पूर्वीसारखं उतरत नव्हतं. हट्ट्याकडच्या एका गावानं मोठ्या सामन्यासाठी त्यांना पाच हजार विसार दिला. विसार आला तसाच दुसऱ्या एका मावशीच्या मुलीच्या लग्नात लोखंडी कपाट होऊन गेला. सामन्याला नऊ दिवस राहिले होते. सकाळी ते काट्यावर चढले, सहासष्ट दोनशे भरले, खाली उतरले आणि माझ्या ज्वारीच्या पोत्यांवर तोंडावर पडले.

पाणी मारलं, शुद्धीवर आले. सासूबाईंनी भाकरी आणि पिठलं पुढं ठेवलं. ते ताटाकडं असं बघत होते की मला बघवेना. बघितलं आणि ताट सरकवलं. "न्हाई मावशी. सव्वा किलो जास्त हाय."

"सव्वा किलोनं काय गाव बुडतं का रे?"

"माझं बुडतं. विसार खाऊन बसलो मी."

ते गेले. मी काट्याकडं बघत राहिले. आमच्या काट्याच्या दांडीच्या टोकाला एक पितळी नट आहे. काटा वर-खाली झाला तर तो फिरवून बराबर करतात. तो कसा फिरवायचा हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी सासूबाई जेवायला गेल्यावर तो उलटा फिरवला. आधी थोडा, मग आणखी थोडा. किलोची मापं ठेवून बघितली. बरोबर सव्वा किलो कमी दाखवेपर्यंत फिरवला.

मी एवढाच विचार केला होता की माणूस दोन दिवस जेवेल. मग नट परत जागेवर आणीन, तोवर त्याच्या अंगात पळायला जोर येईल. असं मला वाटलं. चौथी शिकलेल्या बाईचं गणित.

दुसऱ्या दिवशी ते काट्यावर चढले. मी भिंतीवर लिहिलं, चौसष्ट नऊशे पन्नास. त्यांनी आकडा तीनदा वाचला. मग एकदम म्हणाले, "मावशी, पिठलं हाय का काल्लचं?"

त्या दिवशी त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पाच. जेवताना ते गाणं म्हणायचे हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. गालांवर रंग आला. स्वेटर घालून पळत मात्र होते, त्यामुळं खाल्लेलं जिरत होतं आणि काटा रोज तेच दाखवत होता. मी रोज ठरवायची, उद्या नट फिरवते. आणि रोज सकाळी ते विचारायचे, "वैनी, आज काय भाजी?" मग माझा हात नटाकडं जायचाच नाही.

इकडं गिरणीत दुसराच गोंधळ. तोच काटा गिऱ्हाइकाच्या दळणालाही. दहा किलो ज्वारी पावणेनऊ भरायची आणि दळणाचे पैसे कमी व्हायचे. चार दिवसांत बातमी गावभर. रांग लागली. गुरुजींच्या बायको तीन महिन्यांनी दोन डबे घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडचं पीठच मऊ लागतं बाई." सासूबाई गल्ला उलटा करून बघत होत्या. "गिऱ्हाईक डबल अन् पैसा कमी. आपन दळून राहिलो का वाटून राहिलो?" मी पट्ट्याचा आवाज मोठा आहे असं दाखवून ऐकलंच नाही.

सामन्याच्या दिवशी माझ्या मालकांनीच भाच्यांना जीपमधून नेलं. त्यांच्याकडून मग सगळं कळलं. मैदानावर चमकणाऱ्या आकड्यांचा काटा होता. भाचे ऐटीत चढले. सहासष्ट दोनशे. ते उतरले, परत चढले. सहासष्ट दोनशे. पंचांनी एक तास दिला. भाचे मैदानाभोवती पळाले. डोकं आधीच उतरवलेलं, मिशी उतरवलेली. करदोडा काढला, कवळी काढली. समोरच्या गावाची पोरं कलिंगडाच्या फोडी घेऊन त्यांच्या शेजारून पळत होती आणि म्हणत होती, "भाचे, घ्या की, मामाच्या घरचं हाय!" तासानंतर भरलं पासष्ट आठशे. पंचांनी मान हलवली. त्यांचं गाव सहा गड्यांवर खेळलं आणि पहिल्याच सामन्यात हरलं. गाववाल्यांनी तिथंच सांगितलं, विसार परत पाहिजे. एक म्हातारा तर म्हणाला, "असला भाचा आमच्या कोणत्याच बहिणीला झालेला न्हाई."

हे ऐकल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर गिरणीत जाऊन नट जागेवर आणला. भाच्यांना सांगायला हवं होतं. पण मला तोंड उघडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचे आले. नेहमीसारखा शर्ट काढला आणि फळीवर उभे राहिले. मी दांडीवरचं वजन सरकवलं. सहासष्ट दोनशे. भिंतीवर काल-परवाचा आकडा चौसष्ट नऊशे पन्नास. माझ्या हातातला खडू मोडला. ते भिंतीकडं बघत राहिले, मग दांडीकडं, मग दांडीच्या टोकाकडं. मग खाली माझ्या पायांकडं. मला वाटलं, आता हा माणूस घोटा धरतो आणि मला लोळवतो.

ते म्हणाले, "आज काही भाजी हाय का, वैनी?"

एवढंच. जेवून गेले.

त्या आठवड्यात त्यांनी मोटारसायकल विकली आणि विसार त्या गावाला नेऊन दिला. त्यानंतर कुणी त्यांना खेळायला बोलावलं नाही. पंधरा वर्षांचा खेळ मी फिरवलेल्या नटाच्या अडीच आट्यांनी संपवला, असं मला वाटायचं. गिऱ्हाइकं वेगळीच तक्रार करत होती. गुरुजींच्या बायको म्हणाल्या, "तुमचा काटा बिघडला की. मागच्या महिन्यात बरोबर होता."

भाचे मात्र बसून राहिले नाहीत. अकरा गावांत मावश्या आणि मामा होतेच. ते गावोगाव पायी फिरून ज्वारी घेऊ लागले आणि आमच्या गिरणीला आणून विकू लागले. सेनगावच्या दोन खानावळींना मी पीठ द्यायची, मला ज्वारी लागायचीच. पहिलं पोतं त्यांनी काट्यावर ठेवलं आणि ते हातपाय धुवायला हौदावर गेले. मी नटाकडं बघितलं. या वेळी मी तो दुसऱ्या बाजूला फिरवला.

सव्वा किलो जास्त. किलोला बत्तीस रुपये भावानं एका पोत्यामागं चाळीस रुपये जास्त. पाच हजार म्हणजे एकशे पंचवीस पोती. पाढे मला येतात. त्यांचं पोतं आलं की नट तिकडं, गिऱ्हाईक आलं की नट जागेवर. ज्या काट्यानं घेतलं त्याच काट्यानं द्यायचं, असं मी ठरवलं. पोत्यांचा हिशेब मनात ठेवला, भिंतीवर नाही. आठवड्याला कधी एक पोतं यायचं, कधी दोन. दीड वर्ष गेलं. खानावळवाले भाव वाढवून देत नव्हते, सासूबाई पुन्हा गल्ला उलटा करत होत्या. भाव मध्ये वर-खाली झाला, पण माझ्या मनात चाळीसच राहिले.

गेल्या मंगळवारी एकशे पंचविसावं पोतं झालं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी सासूबाईंना न विचारता दोनदा चहा केला. काल शुक्रवारी भाचे पोतं घेऊन आले तेव्हा नट जागेवर होता. त्यांनी पोतं ठेवलं. मी दांडीवरचं वजन सरकवलं आणि आकडा सांगितला.

ते म्हणाले, "आज नट फिरवला न्हाई का, वैनी?"

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कसला नट रे?"

"काही न्हाई मावशी. आमचा दोघांचा एक सामना चालू व्हता." मग माझ्याकडं, म्हणजे माझ्या पायांकडं बघून हळू म्हणाले, "ते आठ दिस मी जेवलो ना वैनी, तसं पंधरा वर्षांत जेवलो न्हाई. मोटारसायकल गेली तर गेली, तिचा तरी किती दिस घोटा धरून बसू. तुमी पैसे द्यायचं थांबत न्हाई, मग मी बी गप. न घेतलं तर तुमी काट्याजवळ जाताना पाय आखडून चालल्या असत्या जन्मभर. पाय कळतात मला."

मी कसंबसं म्हटलं, "फिटले ना मग सगळे?"

"कुठं फिटले? एकशे चोवीस झाले."

"एकशे पंचवीस!" मी मोठ्यानं बोलले. एवढ्या मोठ्यानं की सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"दिवाळीच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या बायको मधी घुसल्या, तेव्हा तुमी नट जागेवर आणला अन् त्याच्यावरच माझं पोतं जोखलं. आठवा."

आठवलं. त्या गडबडीत तसंच झालं होतं. दीड वर्ष हा माणूस हौदावर हातपाय धुताना पाठीमागं बघत होता.

मी गल्ल्यातून दोन विसाच्या नोटा काढल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या हातात, उघड्यावर, वर बघून दिल्या. त्यांनी त्या मोजल्या. दोनच नोटा, पण दोनदा मोजल्या आणि कमरेला खोचल्या.

सासूबाई म्हणाल्या, "कशाचे पैसे रे ते? अन् कव्हापासून चालू हाय हे तुमचं?"

भाच्यांनी छातीत दम भरला. "कबड्डी-कबड्डी-कबड्डी" करत मागं मागं सरकत गेले, पोत्यांच्या मधून, काट्याला वळसा घालून, धरायला उठलेल्या मावशीच्या हाताखालून, आणि उंबऱ्याला अंगठा लावून पाच हजार पुरे घेऊन बाहेर पडले.